‘काल संध्याकाळी बसने’: इंग्रजी वाक्यातील क्रियाविशेषण पदबंधांची जागा

‘मी काल संध्याकाळी खानापूरहून बसने बेळगावला आलो’ हे वाक्य आपल्या बेळगाव-खानापूर सीमाभागातील कोणीही सहज कानडीत सांगू शकतो: ‘नानु निन्ने संजे खानापुरदिंद बस्सिनल्लि बेळगाविगे बंदे’. दोन्ही वाक्यांत शब्दाखाली शब्द बसतो. कधी, कुठून, कशाने, कुठे हे सांगणारे सगळे पदबंध, म्हणजे शब्दांचे गट, क्रियापदाच्या आधी येतात आणि त्यांचे नाते शब्दाच्या शेवटी जोडलेल्या प्रत्ययाने कळते. हेच इंग्रजीत ‘आय केम टू बेळगाव बाय बस फ्रॉम खानापूर येस्टरडे ईव्हनिंग’ असे लिहिता येते. या वाक्यात क्रियापद कर्त्याला चिकटून पुढे आले आहे आणि उरलेले पदबंध मराठीच्या नेमक्या उलट क्रमाने त्याच्या मागे लागले आहेत. ‘खानापूरहून’मधील ‘हून’ नामाच्या मागे येतो, तर ‘फ्रॉम’ नामाच्या पुढे.

ही उलटापालट योगायोगाने झालेली नाही. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली तीस भाषांची तुलना प्रसिद्ध केली. क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवणाऱ्या भाषा संबंध दाखवणारा शब्द बहुतेक वेळा नामाच्या मागे ठेवतात, असे त्यांना त्यात दिसले. त्या तीस भाषांत कानडीही होती. मराठी आर्य कुळातील आणि कानडी द्राविड कुळातील असली, तरी या बाबतीत दोघी एकाच बाजूला उभ्या आहेत. सीमाभागात तर हे साम्य आणखी खोलवर गेलेले आढळते. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या बोलींचे वर्णन १९७१ साली प्रसिद्ध केले. तेथील मराठी, कानडी आणि उर्दू यांचे शब्द वेगवेगळे राहिले असले, तरी वाक्याचा सांगाडा जवळजवळ एकच झाल्याचे त्यांनी दाखवून दिले. म्हणूनच सीमाभागातील मुलाला घरची आणि बाजारची अशा दोन भाषा येत असूनही पदक्रमाच्या बाबतीत इंग्रजीसाठी दुसरीचा वेगळा आधार मिळत नाही. त्याच्या चुकांना निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या चुका अत्यंत नियमबद्ध असतात.

अशीच एक चूक अर्जांत वारंवार आढळते: ‘आय विल सबमिट टुमॉरो द फॉर्म’. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे लहानसे कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषणाला सहसा शिरू देत नाहीत. म्हणून ‘टुमॉरो’ने एकतर ‘द फॉर्म’च्या मागे जावे, नाहीतर थेट वाक्यारंभी. कर्म फार लांबलचक असेल तरच या नियमाला सूट मिळते. फ्रेंचमध्ये मात्र क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये ‘बऱ्याचदा’ या अर्थाचा शब्द बिनदिक्कत बसतो. भाषाशास्त्रज्ञ झाँ-इव्ह पोलॉक यांनी १९८९ साली या फरकाचे मूळ क्रियापदाच्या जागेत शोधले. फ्रेंच क्रियापद क्रियाविशेषणाला ओलांडून पुढे सरकते, इंग्रजी क्रियापद मागेच राहते, अशी त्यांची मांडणी होती.

वाक्याच्या शेवटी अनेक पदबंध आले की ‘आधी रीत, मग स्थळ, मग काळ’ असा क्रम शाळेत शिकवला जातो. सुरुवातीला तो उपयोगी पडतो, पण भाषाशास्त्रज्ञ जॉन हॉकिन्स यांनी २००० साली प्रत्यक्ष लिखित वाक्ये तपासली, तेव्हा या क्रमापेक्षा पदबंधांची लांबी आणि क्रियापदाशी असलेली त्यांची जवळीक अधिक प्रभावी ठरली. इंग्रजी लहान पदबंध आधी ठेवते आणि लांब पदबंध शेवटी ढकलते. ‘शी वेटेड इन द रेन फॉर द लास्ट बस टू निपाणी’ या वाक्यात ‘इन द रेन’ आधी आले, कारण ते आटोपशीर आहे. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या जपानीत प्रयोगांमधून याच्या उलट कल दिसला आहे, म्हणजे तेथे लांब पदबंध आधी येतो. ‘निपाणीला जाणाऱ्या शेवटच्या गाडीची ती पावसात वाट पाहत होती’ हे मराठी वाक्य माझ्या कानाला तसेच स्वाभाविक वाटते. दोन्हीकडे हेतू एकच असावा, क्रियापद आणि त्याचे सोबती एकमेकांपासून फार दूर जाऊ नयेत.

लिखित इंग्रजीत जागा चुकली तर अर्थच दुभंगतो. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले की ‘द मिनिस्टर अनाउन्स्ड अ स्कीम फॉर फार्मर्स इन बेळगाव’ यासारखे वाक्य सहज लिहिले जाईल. आता घोषणा बेळगावात झाली, की योजना बेळगावच्या शेतकऱ्यांपुरती आहे? ‘इन बेळगाव’ हा पदबंध क्रियापदालाही जोडता येतो आणि लगतच्या नामालाही. वाचणारा बहुधा तो जवळच्या नामाला जोडतो, आणि राज्यभराची योजना त्याच्या मनात एका जिल्ह्याची होऊन बसते. मराठीत ‘बेळगावात’ आणि ‘बेळगावच्या’ या दोन रूपांमुळे हा घोटाळा बहुतेक वेळा टळतो. इंग्रजीत ‘इन’ दोन्ही कामे करतो, म्हणून तेथे निवाडा जागेवर सोपवावा लागतो. ‘इन बेळगाव, द मिनिस्टर अनाउन्स्ड अ स्कीम फॉर फार्मर्स’ असे लिहून स्वल्पविराम दिला की तो पदबंध साऱ्या घटनेचे स्थळ ठरतो, आणि योजना बेळगावच्या शेतकऱ्यांसाठीच असेल तर ‘फॉर बेळगाव फार्मर्स’ असे लिहावे.