आजी म्हणते ‘विस’, नातवाने म्हणायचं ‘साम्पुन’

इंडोनेशियात जावा बेटावर, योग्याकार्ता-सुराकार्ताकडे, आजी नातवाला तिथल्या जावानीज भाषेत विचारते, "विस मङान?" म्हणजे जेवलास का. आता पोरगं पटकन "विस" म्हणालं की चुकलंच, कारण तो न्गोको म्हणजे घरगुती बोलीतला शब्द, आजीला उत्तर द्यायचं तर क्रोमोतलं, म्हणजे नम्र बोलीतलं, "साम्पुन" पाहिजे.

आपल्याकडे तू-तुम्ही केलं, क्रियापद फिरवलं की भागतं. तिथे अख्खा शब्दच बदलतो. जेवणं म्हणजे मङान, नम्रपणे बोलताना नेडा, आणि मानाच्या माणसाचं जेवण असेल तर डहार. झोपण्याचेही तीन, तुरू, तिलम, सारे. मानाचे काही शब्द तर आपल्याला ओळखीचे वाटतील, डोक्याला मुस्तोको (आपलं मस्तक), हाताला अस्तो (हस्त), हे संस्कृतातून गेलेत.

खरी गोची पाठांतराची नाहीच. मूल भाषा शिकतं ते कानावर पडलेलं उचलून, पण मोठी माणसं मुलाशी बोलतात न्गोकोत आणि त्याने उत्तर द्यायचं क्रोमोत, म्हणजे जे त्याला कुणी म्हणतच नाही तेच त्याने म्हणायचं! त्यातून मजेशीर चूक होते, पोरगं जास्तीत जास्त नम्र व्हायला जातं आणि "कुलो साम्पुन डहार" (मी जेवलो; कुलो म्हणजे मी) म्हणतं. डहार स्वतःसाठी वापरायचं नसतं, ते झालं आपल्या पोराने "मी आलेत" म्हणण्यासारखं. बरोबर काय, तर "कुलो साम्पुन नेडा", आणि बाबांबद्दल बोलताना मात्र डहार.

शाळेत जावानीज हा स्थानिक विषय असतो, बाकी सगळं इंडोनेशियनमध्ये, आणि या विषयात बऱ्याचदा तीन रकान्यांचा तक्ता घोकून घेतात. तक्त्यात शब्द मिळतो, पण कोण कुणाशी कुणाबद्दल बोलतंय हे कळत नाही, म्हणून मला तरी आजी-नातू, गुरुजी-विद्यार्थी असं नाटक करून घेणं जास्त पटतं. जुन्या घरांतल्या आया हेच करायच्या, मुलाच्या जागी उभं राहून त्याचं वाक्य स्वतःच बोलून दाखवायच्या, जसं आपल्याकडे बायको नवऱ्याला पोरासमोर ‘बाबा’ म्हणते, अगदी तसं.

लहानग्याचं चुकलं तर तिथे म्हणतात "दुरुंग जोवो", अजून जावानीज झाला नाही. शाळकरी पोराला ही सूट नसते, मग चुकायच्या भीतीने ते गुपचूप इंडोनेशियनवर येतं, तिथे मानाचे असे तीन मजले नाहीत ना!