स्टॅट्सपॅक की एडब्ल्यूआर? आयतं मिळतं त्याचे पैसे, बसवावं लागतं ते फुकट

"सर, स्टॅट्सपॅक टाकायला सांगितलंत, पण या सर्व्हरवर एडब्ल्यूआर आधीपासून चालूच आहे की. मग पुन्हा कशाला?"

ओरॅकल डेटाबेसच्या डीबीए कामात, म्हणजे डेटाबेस सांभाळण्याच्या कामात, नवं आलेलं कुणी ना कुणी मला हे विचारतंच, आणि त्याचं नवल वाटत नाही. दोन्ही डेटाबेस कुठे अडखळतो ते शोधायची साधनं, त्यांचे रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवून बघा. वर डेटाबेसचं नाव आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, खाली लोड प्रोफाइल (कामाचा एकूण भार), मग वेळ कशात गेला त्याची यादी, मग जड क्वेऱ्या. दोन्ही एसक्यूएल-प्लस या कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीतून काढता येतात, दोन्हींच्या स्क्रिप्ट एकाच फोल्डरात नांदतात. एका आईची लेकरं वाटावीत, आणि तशी ती आहेतही. पण एक घरात फुकट राहतं आणि दुसऱ्याचं बिल येतं. त्यातही बिल येतं ते आपण कधी बसवलेलंच नसतं त्याचं.

आधी दोघं करतात काय ते बघू. ओरॅकल चालू झाल्या क्षणापासून आत मीटर फिरत असतात. किती ब्लॉक वाचले, किती कमिट झाले, कुठली क्वेरी किती वेळा चालली, कशाची वाट बघण्यात किती वेळ गेला. व्ही-डॉलर नावाच्या व्ह्यूंमध्ये, म्हणजे आतली स्थिती दाखवणाऱ्या तक्त्यांमध्ये, हे आकडे दिसतात, पण ती इन्स्टन्स (सर्व्हरवर चालू असलेला ओरॅकल) सुरू झाल्यापासूनची एकूण बेरीज असते. घरच्या विजेच्या मीटरवर 48,312 दिसलं म्हणून या महिन्यात किती युनिट जळली ते कळत नाही. मागचं रीडिंग वजा करावं लागतं. स्टॅट्सपॅक आणि एडब्ल्यूआर दोघंही ठरावीक वेळाने हे रीडिंग घेतात, टेबलात लिहून ठेवतात आणि तुम्ही दोन रीडिंगं निवडलीत की वजाबाकी करून रिपोर्ट देतात. रीडिंगला त्यांच्या भाषेत स्नॅपशॉट म्हणतात. मधेच डेटाबेस बंद करून चालू केला तर मीटर शून्यावर येतो, म्हणून बंद होण्याआधीचं एक आणि नंतरचं एक अशी जोडी दिली की दोघंही रिपोर्ट काढायला नकार देतात. डाउनटाइमच्या दुसऱ्या दिवशी हा नकार बघून साधन बिघडलं असं समजणारे मी पाहिलेत.

स्टॅट्सपॅक वयाने मोठं, ओरॅकल 8आय मधलं. त्याच्या आधी यूटीएलबीस्टॅट आणि यूटीएलईस्टॅट अशा दोन स्क्रिप्ट असायच्या. सुरुवातीला एक चालवायची, शेवटी दुसरी, हिशेब एका टेक्स्ट फाइलीत पडायचा. कालचं, परवाचं काही उरायचं नाही. स्टॅट्सपॅकने रीडिंगं टेबलात साठवायला सुरुवात केली आणि "गेल्या सोमवारी सकाळी अकराला असंच होतं का?" या प्रश्नाला पहिल्यांदा उत्तर मिळू लागलं. पुढे 2003 साली जाहीर झालेल्या 10जी मध्ये हीच कल्पना डेटाबेसच्या पोटात घातली गेली. ते एडब्ल्यूआर, म्हणजे ऑटोमॅटिक वर्कलोड रिपॉझिटरी.

आता बसवण्याकडे वळू. एडब्ल्यूआरचं बसवणं एका ओळीत संपतं: काही करायचं नाही. डेटाबेस तयार केलात की एममॉन नावाची बॅकग्राउंड प्रोसेस दर तासाला स्नॅपशॉट घेऊ लागते, तो सिसऑक्स या ओरॅकलच्या स्वतःच्या टेबलस्पेसमध्ये (डेटा ठेवायच्या जागेत) जातो आणि 11जी पासून 8 दिवसांनी आपोआप पुसला जातो (10जी मध्ये 7 दिवस). तास आणि दिवस दोन्ही एका पॅकेजमधून बदलता येतात. दोन्ही आकडे मिनिटांत द्यायचे असतात. ते विसरून 30 दिवसांसाठी नुसतं 30 टाकणारे कमी नाहीत.

स्टॅट्सपॅकला मात्र हात लावावा लागतो. त्याच्या सगळ्या फाइली ओरॅकलच्या प्रत्येक इन्स्टॉलेशनबरोबर सर्व्हरवर आधीच उतरलेल्या असतात, त्यामुळे डाउनलोड काहीच करायचं नाही. सिसडीबीए (सर्वाधिकारी) म्हणून शिरायचं आणि ओरॅकल होम या इन्स्टॉलेशनच्या फोल्डराखालच्या आरडीबीएमएस आणि त्याखालच्या अ‍ॅडमिन फोल्डरातली एसपीक्रिएट ही स्क्रिप्ट चालवायची. ती तीन गोष्टी विचारते: परफस्टॅट या नव्या युजरचा पासवर्ड, त्याचं टेबलस्पेस आणि टेम्पररी टेबलस्पेस. दुसऱ्या प्रश्नाला नुसतं एंटर मारलं की सगळं सिसऑक्समध्ये जातं. तसं करू नका. आधी एक वेगळं, छोटं टेबलस्पेस तयार ठेवा आणि त्याचं नाव द्या; का ते पुढे येईलच. डेटाबेस मल्टिटेनंट (एकात अनेक) असेल तर ज्या पीडीबीत, म्हणजे आतल्या डेटाबेसमध्ये, तुमचं काम चालतं तिथे शिरूनच हे सगळं करा.

स्क्रिप्ट आतून तीन भागांत धावते: आधी युजर, मग टेबलं, मग पॅकेज. प्रत्येक भागाची स्वतंत्र एलआयएस फाइल पडते, तुम्ही ज्या फोल्डरातून एसक्यूएल-प्लस उघडलंत तिथे. स्क्रीनवरून भराभर ओळी सरकतात आणि शेवटी प्रॉम्प्ट येतो म्हणून सगळं ठीक झालं असं नसतं, त्या तिन्ही फाइली उघडून एरर शोधायचे. मधेच काही फसलं तर त्यावरच पुन्हा क्रिएट चालवू नये. आधी एसपीड्रॉप चालवून जागा साफ करायची आणि मग नव्याने सुरुवात.

इथवर येऊन अनेक जण थांबतात, आणि महिन्याभराने रिपोर्ट काढायला गेलं की टेबलं रिकामी असतात. कारण क्रिएट केल्याने फक्त वही तयार होते, रीडिंग घ्यायला कुणी येत नाही. त्यासाठी परफस्टॅट म्हणून लॉगिन करून एसपीऑटो चालवावी लागते. ती दर तासाच्या ठोक्याला स्नॅपशॉट घेणारं जॉब लावते आणि पुढचं रीडिंग कधी आहे ते छापून दाखवते. ती वेळ दिसली नाही तर जॉब क्यू प्रोसेसेस हा पॅरामीटर शून्यावर तर नाही ना ते बघा. आरएसी (एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवर) असेल तर प्रत्येक इन्स्टन्सवर जाऊन वेगळं लावावं लागतं. एडब्ल्यूआर सगळ्या इन्स्टन्सचं रीडिंग एकत्रच घेतो.

आणि पुसायलाही कुणी येत नाही. स्टॅट्सपॅकमधला मला सगळ्यात महाग पडलेला फरक हाच. एका सर्व्हरवर मी मोठ्या उत्साहाने ते लावलं, दर पंधरा मिनिटांना रीडिंग, टेबलस्पेस सिसऑक्स. पुसण्याचं जॉब "उद्या लावू" म्हणून राहिलं. काही महिन्यांनी सिसऑक्स भरल्याचा अलर्ट रात्री आला आणि गुन्हेगार शोधत गेलो तर तो मीच. एसपीपर्ज ही स्क्रिप्ट दिलेल्या दोन क्रमांकांमधली रीडिंगं काढून टाकते, एसपीट्रंक सगळंच रिकामं करते. पर्ज पॅकेजमधूनही करता येतं, म्हणून ते जॉबमध्ये टाकून त्याच दिवशी मोकळं व्हावं.

इतकी जागा जाते कुठे? दोघांचा जड क्वेऱ्या निवडण्याचा निकष वेगळा आहे. एडब्ल्यूआर वरच्या क्रमांकाच्या क्वेऱ्या घेतो, नेहमीच्या सेटिंगला प्रत्येक निकषाच्या वरच्या 30. स्टॅट्सपॅक उंबरठे लावतं: 10,000 बफर गेट्स (मेमरीतून ब्लॉक वाचणं), 1,000 डिस्क रीड्स, 100 एक्झिक्युशन, अशी यादी. यातला एक जरी ओलांडला तरी क्वेरी टिपली जाते. पण तुलना होते ती इन्स्टन्सच्या एकूण बेरजेशी. डेटाबेस तीन महिने न थांबता चालू असेल तर तोवर ऐऱ्यागैऱ्या क्वेरीनेही 100 एक्झिक्युशन केव्हाच पार केलेले असतात आणि प्रत्येक तासाला तिची नोंद होत राहते. मोठ्या सिस्टिमवर हे उंबरठे वाढवून घेणं म्हणूनच चैन नव्हे, गरज आहे.

मग एडब्ल्यूआर सरसकट चांगलं म्हणायचं का? तांत्रिक बाजूने बोलायचं तर हो. त्याच्याबरोबर एएसएच (अ‍ॅक्टिव्ह सेशन हिस्टरी) येतं, जे दर सेकंदाला काम करत असलेल्या सेशनचा नमुना घेतं आणि त्यातला दहातला एक डिस्कवर ठेवतं. विजेच्या मीटरवरून महिन्याची युनिटं कळतात, पहाटे चारला गीझर कुणी लावला ते कळत नाही. एएसएचवरून ते कळतं. स्टॅट्सपॅककडे याला तोड नाही. शिवाय प्रत्येक स्नॅपशॉटनंतर एडीडीएम हा आपोआप निदान करणारा भाग धावून स्वतःचं मत देतं, अमुक क्वेरी सुधारा, अमुक मेमरी वाढवा. त्याचं मत मी वाचतो, मानतोच असं नाही. क्वेरीचे एक्झिक्युशन प्लॅन (ती कोणत्या मार्गाने चालली त्याचे आराखडे) एडब्ल्यूआरमध्ये आयते साठतात. स्टॅट्सपॅकला ते हवे असतील तर रीडिंग किती खोल घ्यायचं ते ठरवणारी लेव्हल 6 द्यावी लागते, कारण त्याची मूळ लेव्हल 5 आहे. कुठल्या टेबलावर किती ताण येतो हे बघायला लेव्हल 7. मी बहुतेक ठिकाणी 7 ठेवतो आणि उंबरठे वर नेतो. लेव्हल 10 च्या वाट्याला मात्र सहज म्हणून जाऊ नये, ती लॅचच्या (मेमरीतल्या छोट्या कुलपांच्या) खोलात शिरते आणि रीडिंग घेणंच जड होऊन बसतं.

आता बिलाचं. एडब्ल्यूआरचा डेटा वाचायला डायग्नॉस्टिक्स पॅकचं लायसन्स लागतं. ते फक्त एंटरप्राइज या ओरॅकलच्या वरच्या एडिशनवर मिळतं, तेही वेगळे पैसे मोजून. अमेरिकी दरपत्रकावर त्याची किंमत प्रोसेसरमागे 7,500 डॉलर आहे. इंटेल किंवा एएमडीचा 16 कोअरचा सर्व्हर घ्या. कोअर फॅक्टर (एका कोअरमागे किती लायसन्स) 0.5 धरून 8 लायसन्स होतात, म्हणजे 60,000 डॉलर, आणि वर वार्षिक सपोर्टचे 22 टक्के, 13,200 डॉलर. सवलतीची घासाघीस होते ती वेगळी. आणि हे सगळं मूळ डेटाबेसच्या किमतीच्या वर.

स्टँडर्ड एडिशनवाल्यांचं दुखणं याहून अवघड आहे. त्यांना हे पॅक विकतच मिळत नाही. पैसे आहेत, इच्छा आहे, तरी नाही. पण एडब्ल्यूआरची टेबलं, व्ह्यू आणि रिपोर्टची स्क्रिप्ट त्यांच्याही सर्व्हरवर असते, आणि चालवली तर ती चालतेही! लायसन्स नाही म्हणून कुठे कुलूप लागत नाही. पाटी लावलेली असते, दार मात्र उघडंच. आत कोण गेलं याची नोंद होते ती डीबीए फीचर यूसेज स्टॅटिस्टिक्स या व्ह्यूमध्ये. तिथे एडब्ल्यूआर रिपोर्ट या नावाची ओळ असते आणि तिच्यापुढे वापराची संख्या. लायसन्स ऑडिटमध्ये हा व्ह्यू बघितला जातो. एंटरप्राइज मॅनेजर या ओरॅकलच्या देखरेखीच्या साधनात परफॉर्मन्स पानावर कुणी सहज क्लिक करत फिरलं तरी पॅकचा वापर झाला असं ठरू शकतं, ही गोष्ट नव्या टीमला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेली बरी.

डेटा आपोआप गोळा होणं हा काही गुन्हा नाही. तो वाचणं हा वापर. त्यातही डीबीए हिस्टच्या, म्हणजे एडब्ल्यूआरचा साठा दाखवणाऱ्या, काही व्ह्यूंना सूट आहे, उदाहरणार्थ अनडूची (बदल मागे घेण्यासाठी ठेवलेल्या जुन्या डेटाची) आकडेवारी. एंटरप्राइज एडिशन आहे पण पॅक घेतलेलं नाही, अशा ठिकाणी कंट्रोल मॅनेजमेंट पॅक अ‍ॅक्सेस हा पॅरामीटर नन (NONE) करून टाकावा, कारण 11जी पासून त्याची मूळ सेटिंग तिथे डायग्नॉस्टिक्स आणि ट्यूनिंग ही दोन्ही पॅक चालू अशीच असते. नन केलं की एएसएच आणि एडीडीएम थांबतात. तरी जुनी टेबलं जागच्या जागी राहतात आणि क्वेरी मारली तर उत्तर देतात, म्हणून पॅरामीटर बदलला की जबाबदारी संपली असं समजू नये.

स्टॅट्सपॅकला यातलं काहीच लागू नाही. कुठलीही एडिशन असो, ते डेटाबेसबरोबरच येतं आणि वाचायला वेगळं लायसन्स लागत नाही. अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस या क्लाउड सेवेवर सर्व्हरच्या शेलमध्ये शिरायची सोय नसते, तिथे ते ऑप्शन ग्रुपमधून जोडतात. अ‍ॅक्टिव्ह डेटा गार्डच्या स्टँडबायवर, म्हणजे मूळ डेटाबेसच्या (प्रायमरीच्या) तयार प्रतीवर, फक्त वाचता येतं, म्हणून 11जी पासून एसबीक्रिएट नावाच्या वेगळ्या स्क्रिप्ट आहेत, ज्या स्टँडबायची रीडिंगं प्रायमरीवर आणून लिहितात. एडब्ल्यूआरला स्टँडबायची रीडिंगं घ्यायला 12.2 पर्यंत थांबावं लागलं. धाकट्याने थोरल्याच्या मागून जावं असे प्रसंग कमी, हा त्यातला एक.

दोन्हींत सारखीच होणारी एक चूक राहिली. रिपोर्ट काढताना लोक सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी लांबलचक जोडी निवडतात. साडेअकराला दहा मिनिटं सगळं गोठलं होतं, पण नऊ तासांच्या सरासरीत ती दहा मिनिटं विरघळून जातात आणि रिपोर्ट म्हणतो, सब ठीक. तक्रारीच्या वेळेला अगदी चिकटून असलेली दोन रीडिंगं निवडा. तक्रार चालू असतानाच हाताने एक स्नॅपशॉट घ्या, दहा मिनिटांनी दुसरा. दोन्ही साधनांत हे एका ओळीचं काम आहे.

सुरुवातीला विचारणाऱ्या त्या मुलीला मी इतकं सगळं सांगितलं नाही. एडिशन काय आहे ते बघ म्हटलं. व्ही-डॉलर व्हर्जनमधून उत्तर आलं: स्टँडर्ड एडिशन 2. मग फीचर यूसेजचा व्ह्यू बघ. एडब्ल्यूआर रिपोर्टसमोर शून्य होतं, आमचं नशीब. "रिपोर्टची स्क्रिप्ट चालवली नाहीस ना अजून?" "नाही सर, चालवणारच होते, म्हणून तर फोन केला."

तिने टेबलस्पेस बनवलं आणि एसपीक्रिएट सुरू केली. पासवर्डच्या प्रश्नाला ती क्षणभर अडखळली, कारण तो टाइप करताना स्क्रीनवर दिसतो.