‘चौदा टक्के टेंडर व्होट’चा नियम अस्तित्वातच नाही

निवडणूक जाहीर झाली की एक जुना संदेश हमखास फिरू लागतो: यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवून ‘कलम ४९अ’खाली चॅलेंज व्होट मागा, आणि केंद्रावर १४ टक्क्यांहून अधिक टेंडर व्होट (आपल्या नावावर आधीच कोणी मत दिले असल्यास खऱ्या मतदाराला देता येणारे मत) पडली तर तिथे फेरमतदान होते. यातले बहुतेक सगळे चुकीचे आहे.

निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील ४९अ हा नियम मतदान यंत्राच्या रचनेविषयी आहे, तर मतदाराच्या ओळखीला आव्हान देण्याची तरतूद ४९जे मध्ये असून ते आव्हान उमेदवाराचा प्रतिनिधी दोन रुपये (होय, आजही दोनच) भरून देतो. यादीत नाव नसलेल्याला कोणतेही ओळखपत्र दाखवून मत देता येत नाही.

टेंडर व्होट मात्र खरे आहे. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर ओळख पटल्यावर नियम ४९पी नुसार केंद्राध्यक्ष यंत्राऐवजी कागदी मतपत्रिका देतो, जी वेगळ्या पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मोजणीत धरली जात नाही; निकालाला न्यायालयात आव्हान दिले गेले, तरच तिचा विचार होऊ शकतो. फेरमतदानाची कारणे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ५८ व ५८अ मध्ये आहेत: यंत्राची नासधूस वा बिघाड, प्रक्रियेतील गंभीर चूक, केंद्र बळकावणे. चौदा टक्क्यांचा तिथे उल्लेखही नाही.