‘जेलस’ म्हणायचं की ‘एन्व्हियस’?

मैत्रिणीला मनासारखी नोकरी लागते आणि आपण लगेच लिहून मोकळे होतो, ‘सो जेलस!’ बायकोच्या कॉलेजमधल्या मित्राचा फोन आला की नवरा एकदम गप्प होतो. त्यालाही आपण ‘जेलस’च म्हणतो. शब्द एकच, पण दोघांच्या मनात चाललेलं एक नाही. ‘सो जेलस’ लिहिणारीला हवं ते तिच्याकडे नाही, मैत्रिणीच्या हाती आहे. नवऱ्याकडे हवं ते आहे, पण ते हातचं जाईल अशी त्याला धास्ती आहे. इंग्रजीत या दोन भावनांना दोन नावं आहेत: पहिली ‘एन्व्ही’, दुसरी ‘जेलसी’.

ओळखायची सोपी खूण म्हणजे माणसं मोजायची. एन्व्हीला दोघं पुरतात: मी आणि ज्याच्याकडे ते आहे तो. जेलसीला तिसरा लागतोच. चार वर्षांची मुलगी शेजारच्या मुलाच्या नव्या सायकलकडे टक लावून बघते, ती एन्व्ही. तीच मुलगी तान्हा भाऊ आईच्या मांडीवर दिसला की आईचा पदर ओढते, मधे घुसते, दुधाची बाटली लपवते. तिला भावाकडचं काहीच नको असतं. आई तिची होती, ती आता वाटली जाणार, हे तिला सोसत नाही. ही जेलसी.

हा फरक नुसता कोशापुरता नाही. जेरॉड पॅरट आणि रिचर्ड स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये लोकांच्या खऱ्या अनुभवांवरून तो तपासला होता. एन्व्हीच्या आठवणींत कमीपणा, आस, कडवटपणा आणि ‘आपल्याला असं वाटायला नको’ ही बोचणी होती. जेलसीच्या आठवणींत गमावण्याची भीती, अविश्वास, काळजी आणि राग होता.

अनुवाद शिकणाऱ्या एका मुलीचा कागद माझ्यापुढे आला होता. मूळ इंग्रजी वाक्यातला माणूस स्वतःच्या नावलौकिकाबद्दल ‘जेलस’ होता. तिनं लिहिलं होतं, ‘त्याला आपल्या नावलौकिकाचा मत्सर वाटे.’ स्वतःच्याच कीर्तीवर कोण कशाला जळेल? इथं ‘जेलस’ जुन्या अर्थानं आला आहे: जपणारा, राखणारा. ‘तो आपल्या नावाला फार जपे,’ इतकं साधं ते वाक्य. ‘जेलसली गार्डेड’ म्हणजेही मत्सरानं राखलेलं नव्हे, तर डोळ्यांत तेल घालून जपलेलं. बायबलमधल्या दहा आज्ञांत देव स्वतःला ‘जेलस’ म्हणवतो तेही याच अर्थानं: माझी भक्ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. त्याच आज्ञांच्या शेवटी शेजाऱ्याच्या घराची, बायकोची, बैलाची हाव धरू नका असं सांगितलं आहे. ती गोष्ट एन्व्हीच्या घरची.

दोन्ही शब्दांचं मूळ पाहिलं की हे आणखी उमगतं. ‘जेलस’ फ्रेंचमधून आला, पण त्याचं मूळ ग्रीक ‘झेलोस’, म्हणजे तळमळ, आवेश. ‘झेलस’, म्हणजे उत्साहानं झटणारा, हा त्याचाच सख्खा भाऊ. फ्रेंचमध्ये ‘जालुझी’ म्हणजे जेलसी आणि खिडकीची आडव्या पट्ट्यांची झडपसुद्धा, जिच्या फटींतून बाहेरचं दिसतं पण आतलं कुणाला दिसत नाही. ‘एन्व्ही’ मात्र लॅटिन ‘इन्व्हिदेरे’वरून आला: वाकड्या नजरेनं पाहणं. इटालियन कवी दान्ते यानं आपल्या महाकाव्यात एन्व्हीचं पाप केलेल्यांच्या पापण्या लोखंडी तारेनं शिवलेल्या दाखवल्या, कारण त्यांचं पाप डोळ्यांतूनच घडलं होतं. आपणही दुसऱ्याचं सुख ‘डोळ्यांत सलतं’ म्हणतोच की.

दोन्ही भावना शेजारी शेजारी पाहायच्या असतील तर शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’सारखी जागा नाही. बायको आपल्या हाताखालच्या कॅसिओ या अधिकाऱ्यावर भाळली आहे या संशयानं सेनापती ऑथेल्लो पोखरला जातो, ती जेलसी. आणि हा संशय पेरणारा इयागो? त्याला हवी असलेली बढती कॅसिओला मिळाली आहे. पुढे तो उघडच म्हणतो की कॅसिओच्या रोजच्या जगण्यात असं काही सौंदर्य आहे, ज्यापुढे मी कुरूप ठरतो. ते सौंदर्य आपल्याला मिळावं असं त्याला वाटत नाही. ते कॅसिओकडे उरू नये असं वाटतं. गंमत अशी की जेलसीला ‘हिरव्या डोळ्यांचा राक्षस’ हे नाव देऊन ऑथेल्लोला सावध करणारा इयागोच, आणि आज इंग्रजीत माणूस हिरवा होतो तो एन्व्हीनं.

मराठीकडे वळलं की मला खरा आनंद होतो, कारण इथं छटा जास्त आहेत. ‘तुझा हेवा वाटतो’ हे आपण समोरच्याला हसून सांगू शकतो. ‘मला तुझा मत्सर वाटतो’ असं कुणी तोंडावर बोलत नाही. डच भाषेतही असे दोन शब्द आहेत: ‘बेनाइडन’ हा सौम्य हेवा, ‘अफखुन्स्ट’ हा विखारी. इंग्रजीला दोन्हींसाठी एकटी ‘एन्व्ही’ पुरवावी लागते. ‘असूया’ आणखी वेगळी. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ईर्ष्या म्हणजे सहन न होणं, आणि असूया म्हणजे गुणांवरही दोष लादणं. ‘तिचा पहिला नंबर आला खरा, पण पेपर सोपा होता’ या वाक्यात असूया आहे. जिच्या मनात ती नाही ती अनसूया. जेलसीसाठी मात्र आपल्याकडे स्वतंत्र असा एकच शब्द नाही. ‘सवतीमत्सर’ तिघांचा आहे, पण तो एका नात्यापुरता. बाकी ठिकाणी कधी ‘संशय’, कधी ‘मत्सर’, तर कधी नुसतं ‘त्याला खपत नाही’ असं म्हणून भागवावं लागतं.

मग ‘सो जेलस’ चूक का? नाही. ‘जेलस’ एन्व्हीच्या अर्थानंही इंग्रजीत फार पूर्वीपासून वापरात आहे आणि शब्दकोशही तो अर्थ देतात. पण हा रस्ता एकेरी आहे. ‘जेलस’ हा ‘एन्व्हियस’च्या जागी चालतो, ‘एन्व्हियस’ मात्र ‘जेलस’च्या जागी चालत नाही. ‘एन्व्हियस हजबंड’ म्हटलं की तो बायकोच्या पगारावर जळतो असं वाटेल, तिच्यावर पहारा ठेवतो असं नाही. समानार्थी शब्द निवडतानाही हेच भान हवं. ‘पझेसिव्ह’ आणि ‘सस्पिशस’ जेलसीच्या बाजूचे; ‘कव्हेटस’, म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा असलेला, एन्व्हीच्या बाजूचा. ‘रिझेंटफुल’, म्हणजे मनात राग धरून असलेला, दोन्हीकडे येतो. ‘एन्व्हिएबल’ म्हणजे हेवा वाटावा असं, आणि ‘अनएन्व्हिएबल’ म्हणजे कुणाच्याही वाट्याला येऊ नये असं.

खऱ्या आयुष्यात दोन्ही भावना पुष्कळदा एकत्रच येतात. सुरुवातीचा तो गप्प झालेला नवराच घ्या. समजा, बायकोचा तो मित्र फार सुरेख गातो आणि याला सूर धरता येत नाही. बायको दुरावेल ही भीती जेलसीची. तसं गाता येत नाही ही खंत एन्व्हीची. बायकोनं ‘मी कुठे जातेय?’ म्हणून त्याचा हात हातात घेतला तर त्यातली पहिलीच शमते.