दारात आलेली ताई: मराठवाड्यातल्या गृहभेटींची पार्श्वभूमी

बाळंतिणीच्या घरी बाहेरची बाई येणं मराठवाड्याला नवं नाही. सुईण नाळ कापायची, पुढे सव्वा महिना बाळ-बाळंतिणीचं अंग चोळून न्हाऊ घालायची आणि पाचवीच्या पूजेला आपला मान घ्यायची. सरकारी कागदावर तिला जागा नव्हती, पण थेट न्हाणीपर्यंत प्रवेश होता. नंतरच्या प्रत्येक योजनेला हवा होता तो हाच प्रवेश.

तो कसा मिळवायचा हे 1970 पासून जामखेडमध्ये दिसू लागलं. तालुका नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातला, पण बीड-धाराशिवच्या सीमेला लागून. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. धाराशिव जिल्ह्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं ‘भारतवैद्य’ उभ्या केल्या, त्याही गावातल्याच.

सरकारची अंगणवाडी आली ती 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून. तिच्या कामात गृहभेट होती, पण भर राहिला केंद्रावर. तीन ते सहा वर्षांचं पोर चालत येतं, खिचडी खातं, हजेरी लागते. दोन वर्षांच्या आतलं मूल मात्र घरातच असतं आणि वाढीचा पाया तर याच वयात पडतो. ही चूक उमगायला फार वर्षं गेली.

दिशा बदलली ती विदर्भातून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. 1999 मध्ये निष्कर्ष छापून आले: हजार जन्मांमागे 62 च्या आसपास असलेले नवजात मृत्यू 25 वर आले होते.

मराठवाड्यात याच सुमारास, 2002 मध्ये, औरंगाबाद विभागात विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी कुपोषणाविरुद्ध मोहीम घेतली. वजनं खरी घ्या, आकडे लपवू नका, हा तिचा आग्रह होता. कमी वजनाची मुलं जास्त दिसली की वरून बोलणी बसायची, म्हणून काटा सोयीनं वाचला जाई. त्या काळात हे सांगायला धाडस लागत होतं. या कामातूनच 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं. त्याचं मुख्यालय मुंबईत नव्हे, औरंगाबादला होतं.

त्याच वर्षी ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आली. 2011 पासून दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिच्या सहा भेटी ठरल्या: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, ते अंगावर नीट पितंय का ते पाहायचं. 2018 मध्ये तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातल्या भेटींची भर पडली. आधीच्या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये, नंतरच्या प्रत्येकीचे 50. म्हणजे दोन्हीकडे बेरीज अडीचशेच. सुईणीला निदान लुगडं तरी मिळायचं.

बाळ जगलं, आता त्याच्याशी बोला, खेळा, हा विचार उशिरा आला. त्याचा भक्कम पुरावा जमैकातला. तिथं 1980 च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टनमधल्या खुरटलेल्या मुलांच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला सेविका पाठवल्या. टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन त्या आईला खेळायला शिकवत. ही मुलं वीस वर्षांनी तशा भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे पाव पट जास्त कमावत होती. आपल्याकडे याच वाटेनं जाणारा ‘आरंभ’ कार्यक्रम आधी यवतमाळ आणि औरंगाबाद जिल्ह्यांत राबवला गेला. पालक मेळावे आणि अंगणवाडीताईच्या गृहभेटी त्यात होत्या.

या साऱ्या वेळापत्रकांनी एक गोष्ट गृहीत धरली: घर जागेवर असेल. बीडमधल्या ऊसतोड कुटुंबांचं ते नसतं. दसरा-दिवाळीला उचल (आगाऊ मजुरी) घेतलेलं कोयतं, म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या बाळाच्या बेचाळीस दिवसांच्या भेटी गावात पुऱ्या होतात. तिसऱ्या महिन्याची भेट नोव्हेंबरात येते, सहाव्याची फेब्रुवारीत. दोन्ही वेळा बाळ उसाच्या फडाजवळ कोपीत (झोपडीत), आई पहाटेपासून तोडीला. वरचं अन्न सुरू करायचा काळ नेमका हा सहाव्या महिन्याचाच. आशाताई येते ती कुलूप लावलेल्या दाराशी. महिला व बालविकास विभागानं स्थलांतरितांची नोंद ठेवायला मोबाईल अॅप आणलं आहे. कुटुंब कुठं गेलं हे त्यातून कळू शकतं. पण फडावर जाऊन वाटीत भात कालवून दाखवायला कारखान्याजवळच्या अंगणवाडीची ताईच लागते, आणि तिच्या यादीत आधीच तिच्या गावची मुलं असतात.