रामफॉर्म जहाज

तेल-वायूच्या शोधासाठी समुद्रतळाखालच्या खडकांचे भूकंपीय सर्वेक्षण, म्हणजे ध्वनिलहरींनी तपासणी, करण्यासाठी बांधलेले, वरून त्रिकोणी दिसणारे जहाज. नाळ, म्हणजे पुढचा भाग, टोकदार; पिछाडी प्रचंड रुंद. आकार इस्त्रीच्या तळासारखा. पेट्रोलियम जिओ-सर्व्हिसेस (पीजीएस) या नॉर्वेजियन कंपनीने 1995 मध्ये ‘रामफॉर्म एक्सप्लोरर’ हे पहिले जहाज कामाला लावले. हा आराखडा रोअर रामदे यांचा. त्याआधी नॉर्वेच्या गुप्तवार्ता विभागाच्या ‘मार्याता’ या जहाजासाठी त्यांनी असाच आकार वापरला होता. टेहळणी करणाऱ्या जहाजाला लाटांत स्थिर राहावे लागते आणि स्वतःचा आवाजही कमी ठेवावा लागतो. सर्वेक्षणातही नेमके हेच हवे असते.

या कामात एअरगनमधून दाबाखालची हवा पाण्यात सोडतात. तिचा आवाज खडकांच्या थरांवर आदळून परततो आणि जहाजामागे ओढल्या जाणाऱ्या लांबलचक केबलींमधले, म्हणजे स्ट्रीमरमधले, हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले ध्वनिग्राहक, तो टिपतात. एकेक स्ट्रीमर कित्येक किलोमीटर लांब असतो. शेजारच्या दोन स्ट्रीमरमध्ये 100 मीटर अंतर ठेवले, तर 16 स्ट्रीमरचा पसारा दीड किलोमीटर रुंद होतो. एवढे लटांबर मागे घेऊन जहाज ताशी साधारण 8 किलोमीटरनेच चालते. एक रेषा संपवून दुसरीवर वळायला काही तास जातात आणि तेवढा वेळ उपयोगाची नोंद मिळत नाही. म्हणून एका फेरीत जितका रुंद पट्टा उरकेल तितके बरे.

अडचण असते ती मागच्या डेकवर. अरुंद जहाजात स्ट्रीमरची रिळे एकामागे एक ठेवावी लागतात आणि केबली पुलींवरून वळवत पाण्यापर्यंत न्याव्या लागतात. रामफॉर्ममध्ये रिळे शेजारी-शेजारी बसतात आणि बऱ्याचशा केबली सरळ मागे उतरतात. सोडणे-गुंडाळणे लवकर होते, घासाघीस कमी होते, माणसेही अधिक सुरक्षित राहतात. रुंद पिछाडीमुळे रिळांचे वजन पेलण्यापुरती उत्प्लावकता, म्हणजे तरंगवणारा जोर, मिळते आणि जहाज कमी डोलते.

जपानमधील नागासाकीत मित्सुबिशीने बांधलेल्या टायटन वर्गात हा विचार टोकाला गेला. 2013 च्या ‘रामफॉर्म टायटन’ची लांबी सुमारे 104 मीटर, तर पिछाडीची रुंदी 70 मीटर. त्यावर 24 रिळे असून त्यांपैकी 16 एका ओळीत आहेत. पुढे ‘अ‍ॅटलस’, ‘टेथिस’ आणि 2017 मध्ये ‘हायपेरियन’ आले. या रुंदीची किंमतही मोजावी लागते: पनामा कालव्याची नवी जलद्वारे 55 मीटर रुंद आहेत, त्यामुळे टायटनला तो रस्ता बंदच.

सर्वांनी हा आकार उचलला नाही. नॉर्वेच्याच उल्स्टाइन कंपनीने मागे झुकलेल्या एक्स-बो नाळेची सर्वेक्षण जहाजे आखली. 2010 चे ‘ओशनिक व्हेगा’ त्यांपैकी एक. अशी नाळ लाटेवर आपटत नाही, तिच्यात शिरते. आपटण्याने उठणारे हादरे आणि आवाज त्यामुळे कमी होतात. केबलींसाठी जागा किती, या प्रश्नाला मात्र रामफॉर्मइतके थेट उत्तर त्यात नाही.

2014 नंतर तेलाचे भाव कोसळले आणि नव्या जहाजांच्या मागण्या आटल्या. समुद्रतळावर संवेदक ठेवून केल्या जाणाऱ्या सर्वेक्षणाचेही महत्त्व वाढले. त्यात स्ट्रीमर लागत नाहीत. 2024 मध्ये पीजीएस ही टीजीएस या भूकंपीय सर्वेक्षणाच्या कंपनीत विलीन झाली आणि टायटन वर्गाची जहाजे तिच्याकडे गेली.