पुण्यातला फ्लॅट विकलाय, मग ब्रिटनमध्ये मी ‘फर्स्ट-टाइम बायर’ का नाही?

ब्रिटनला येऊन पाच-सहा वर्षं झाली, भाडं भरून कंटाळा आला आणि घर बघायला सुरुवात केली, की मॉर्गेज ब्रोकर पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, “फर्स्ट-टाइम बायर, म्हणजे पहिल्यांदाच घर घेणारे का?” आपण बेधडक ‘हो’ म्हणतो. या देशात पहिलंच घर आहे, कोथरूडचा वन बीएचके तर कधीच विकून टाकला. सॉलिसिटरच्या (घराचा व्यवहार बघणाऱ्या वकिलाच्या) फॉर्मवरही तोच प्रश्न, तिथेही ‘हो’. मग एखादा जागरूक सॉलिसिटर डिपॉझिटचे कागद उलटून बघतो आणि ताबा मिळायच्या आठवड्यात स्टॅम्प ड्यूटीचे पाच हजार पौंड जास्तीचे उभे करायची वेळ येते.

घोळ असा, की हा एकच प्रश्न वेगवेगळ्या खिडक्यांवर विचारला जातो आणि प्रत्येक खिडकीवर त्याचा अर्थ निराळा आहे.

बँकेचा अर्थ सगळ्यांत सैल. कर्जापुरती व्याख्या प्रत्येक बँक आपली आपण ठरवते. काही बँकांना गेल्या काही वर्षांत तुमच्या नावावर घर नसलं तरी पुरतं, काहींना दोघा अर्जदारांपैकी एक नवखा (फर्स्ट-टाइम बायर) असला तरी चालतं, काही मात्र जन्मात कधीच घर नको म्हणतात. म्हणून अर्ज टाकण्याआधी ब्रोकरला “माझं घर अमुक साली विकलं” हे तारखेसकट सांगा. पाच टक्के डिपॉझिटवरचं कर्ज फक्त नवख्यांनाच मिळतं हाही गैरसमज आहे. पूर्वी घर असलेल्यांनाही ते मिळू शकतं.

पण बँकेने ‘हो’ म्हटलं म्हणून सरकार ‘हो’ म्हणत नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते.

स्टॅम्प ड्यूटी: ‘कधीही’ आणि ‘कुठेही’

इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये १ एप्रिल २०२५ पासून फर्स्ट-टाइम बायरला ३ लाख पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्यूटी नाही, त्यापुढे ५ लाखांपर्यंत ५ टक्के. किंमत ५ लाखांच्या एक पौंड जरी वर गेली, तरी सवलत पूर्ण जाते. (४ लाख २५ हजारांची जुनी मर्यादा ३१ मार्च २०२५ ला संपली, जुने व्हिडिओ बघून हिशेब करू नका.) ४ लाखांच्या घरावर नवखा ५,००० पौंड भरतो, बाकीचे १०,०००.

नवखा कोण, हे कायद्यात स्पष्ट आहे: ज्याने जगात कुठेही, कधीही राहत्या घराची मालकी मिळवलेली नाही तो. विकलेलं घर मोजतात. भाड्याने दिलेलं, ज्यात तुम्ही एक रात्रही झोपला नाहीत, तेही मोजतात. आईबाबांनी लग्नाच्या वेळी नावावर केलेला फ्लॅट मोजतात. घटस्फोटानंतर सोडून दिलेला अर्धा हिस्साही मोजतात. मोकळा प्लॉट, शेतजमीन किंवा नुसता दुकानाचा गाळा मात्र मोजत नाहीत.

सगळ्यांत जास्त गोंधळ वडिलोपार्जित घराचा. वडील मृत्युपत्र न करता गेले, साताऱ्याच्या घरात आई, भाऊ, बहीण आणि तुम्ही वारस. “माझं नाव अजून चढलंच नाही” ही सबब पुरत नाही. आपल्याकडे वारसाहक्क मृत्यूच्या क्षणी लागतो, नोंद नंतर होते. वारसाने मिळालेला हिस्साही सवलतीच्या आड येतो. हक्कसोडपत्र करून दिलं तरी ‘कधीच नव्हतं’ असं होत नाही. अशा वेळी सॉलिसिटरला सगळी वंशावळ सांगून लेखी मत घ्या.

जोडप्याचं आणखी एक. दोघांच्या नावावर घर घेत असाल, तर दोघंही नवखे हवेत. नवऱ्याचा फ्लॅट विकलेला आणि बायको खरोखर नवखी, तरी संयुक्त खरेदीत सवलत शून्य. घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं तर सवलत मिळू शकते. कर्जात नवरा हवाच असेल, तर ‘जॉइंट बॉरोअर, सोल प्रोप्रायटर’ प्रकारचं कर्ज काही बँका देतात. त्यात हप्त्याची जबाबदारी दोघांची, मालकी एकीची. नवऱ्याचे पैसे आत असतील तर ते कोणत्या नात्याने, हे कागदावर नीट मांडावं लागतं. पाच हजारांसाठी हा उपद्व्याप करायचा का, हे घरी बसून ठरवा.

फ्लॅट अजून नावावर असेल तर

मग प्रश्न नुसता सवलतीचा राहत नाही, सरचार्ज, म्हणजे आधीचं घर असताना दुसरं घेतल्याबद्दलची जादा स्टॅम्प ड्यूटी लागते. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून हा सरचार्ज ५ टक्के आहे आणि घराच्या पूर्ण किमतीवर आहे. त्याच ४ लाखांच्या घरावर एकूण ३०,००० पौंड. परदेशातलं घरही धरतात. तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंडांहून कमी असेल तर सुटका. एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोंपैकी एकाचं घर दुसऱ्याच्याही माथी बसतं, म्हणजे वरची एकट्या बायकोच्या नावाची युक्ती इथे चालत नाही.

हा नियम मात्र ‘कधीही’ विचारत नाही. खरेदी पूर्ण झाली त्या दिवसअखेर काय नावावर आहे, तेवढंच बघतो. आधी विकलात तर सरचार्ज नाही.

“तीन वर्षांत विकला की सरचार्ज परत मिळतो” हे वाक्य प्रत्येक मराठी ग्रुपवर फिरतं. अर्धवट आहे. नवीन घर घेण्याच्या आधीच्या तीन वर्षांत कधीतरी तो फ्लॅट तुमचं मुख्य राहतं घर असायला हवा. सहा वर्षं तुम्ही रेडिंगला आणि फ्लॅटमध्ये भाडेकरू, तर परतावा विसरा. या वाक्याच्या भरवशावर बजेट आखलेली माणसं बघितली की जीव तुटतो.

लाइफटाइम आयसालाही (पहिल्या घरासाठी किंवा म्हातारपणासाठीचं, सरकारी बोनस मिळणारं बचत खातं) ‘जगात कुठेही, कधीही’ हाच नियम. पूर्वी घर असूनही खातं उघडलंत, तर ते पैसे घरासाठी वापरता येत नाहीत. एरवी वयाच्या साठीआधी पैसे काढले तर २५ टक्के कापतात: ४,००० भरले, सरकारचे १,००० मिळाले, हातात येतात ३,७५०. बोनस तर जातोच, पदरचे २५० वर. जोडीदार नवखा असेल तर त्याचा आयसा मात्र संयुक्त खरेदीतही चालतो.

स्कॉटलंडमध्ये कर वेगळा, नवख्याची बचत जास्तीत जास्त ६०० पौंड. वेल्समध्ये अशी सवलतच नाही.

कागदपत्रं

पासपोर्ट, व्हिसा, पगारपत्रकं, बँक स्टेटमेंट हे नेहमीचं. अडतं ते डिपॉझिटपाशी. पैसे फ्लॅटच्या विक्रीचे असतील तर खरेदीखत, भारतातल्या खात्यात रक्कम जमा झाल्याचं स्टेटमेंट आणि एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून पाठवताना केलेले १५सीए-१५सीबी हे आयकराचे फॉर्म लागतात. इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा, मराठीत असतो. त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर मागितलं जातं आणि ते ऐन वेळी कोणाकडेच नसतं. घर बघायला लागायच्या आधीच करून ठेवा. आणि हो, हेच कागद सॉलिसिटरला सांगतात की तुमचं पूर्वी घर होतं. तेव्हा एका फॉर्मवर ‘नवखा’ आणि दुसऱ्यावर ‘फ्लॅट विकून आलेले पैसे’ असं लिहू नका.

स्टॅम्प ड्यूटीचा रिटर्न ताबा मिळाल्यापासून १४ दिवसांत जातो. त्यात सवलतीचा कोड ३२ चुकून टाकला गेला असेल, तर त्या मुदतीनंतर १२ महिन्यांपर्यंत दुरुस्ती करता येते. फरक आणि व्याज भरावं लागतं. एचएमआरसीने (ब्रिटनच्या कर खात्याने) आधी पकडलं तर वर दंडही लागू शकतो.